सुटलेला टाका

तळघरात माझी खोली. एकच खिडकी,
तीही बाहेरच्या हिरवळीला टेकलेली,
त्यामुळे राजदूत मला घोट्यापर्यंतच माहीत.
सव्वीस वर्षं मी जिनिव्हातल्या ह्या इमारतीचे झेंडे सांधते.
नाव देओलिंदा. पगारपत्रकावर: वस्त्र-देखभाल, श्रेणी तीन.

फेब्रुवारीत सरोवरावरून उत्तरेचा वारा सुटला
की तीन दिवसांत चाळीस झेंडे टेबलावर.
सगळे एकाच जागी फाटतात:
काठीपासून जे टोक सगळ्यात लांब, तिथे.
काठीजवळचं कापड वर्षानुवर्षं कोरं करकरीत.
रोशासाहेबांना एकदा हे बोलले.
ते म्हणाले, वाऱ्याचं शास्त्र आहे, बाई.
असेल.

खालच्या कप्प्यात उतरवलेले, जाळायचे:
कुणाचा तारा गेला, कुणाचा पट्टा बदलला,
एका देशाचे तर दोन झाले
आणि हा जुना दोघांनाही नको.
वर रांग फ्रेंच मुळाक्षरांची,
म्हणून एकमेकांवर तोफा डागणारे
शेजारी शेजारी फडफडतात, कधी एकमेकांत गुंततात.
मग शिडी लावून सोडवावे लागतात.

आता त्या एका झेंड्याबद्दल.
कुठला, ते सांगणार नाही. नोकरीची चार वर्षं उरलीत.
त्यांचं कापड घट्ट, रंग पक्का,
पण वरच्या दुमडीला, काठीकडून सात बोटांवर,
(कधीमधी आठ)
एक टाका सुटलेला.
प्रत्येक झेंड्यात.
मी चरफडायची: ही काय शिलाई झाली!
आई असती तर बोटांवर कात्री आपटली असती.
आणि झेंडा वर चढण्याआधी
तो टाका भरून काढायची.
हिशोब केला तर दोनेकशे भरले असतील.

मागच्या मार्चमध्ये दोरी तुटून तो उडाला
तो थेट ट्रामच्या थांब्यापाशी.
घेऊन आला मेर्दान,
फाटकासमोर भावाचा फोटो धरून बसतो तो.
पहारेकऱ्यांना वाटलं, आता पेटवणार.
त्यानं घडी घातली होती, कडेला कड लावून.
शिंप्याची घडी मला लांबूनही कळते.

सही करून घ्यायला मी वर गेले.
तो दुमडीवरून अंगठा फिरवत होता.
एका जागी थांबला. "हे कुणी भरलं?"
मी, म्हटलं. जरा ऐटीतच.

बराच वेळ तो गप्प.
मग मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये:
"आम्ही सोडायचो.
रोज तीस झेंडे, बोलायला बंदी, लिहायला बंदी.
टाका तेवढा आपल्या हातात.
वाटायचं, बाहेर कुणीतरी बघेल,
विचारेल, प्रत्येकात कसा?
भाऊ माझ्या डावीकडे. त्याचं बोट जाड,
त्याचा आठवर सुटायचा."

सरकार म्हणतं, असा माणूस आमच्याकडे नव्हताच.
मेर्दान सुटून आला त्याला नऊ वर्षं झाली.

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
मी तेच सूत रोज सुईत ओवत होते
आणि वर दिवे लावून पुराव्यावर चर्चा चालली होती.

त्या रात्री खालचा कप्पा उपसला.
प्रत्येकाला माझीच चिठ्ठी, आवक तारखेची.
सात. सात. सात. पुन्हा सात.
माझा दोरा त्यांच्याहून थोडा पांढरा आहे,
हे इतक्या वर्षांत मला दिसलं नव्हतं.
अकरावा झेंडा: आठ.
पुन्हा मोजलं, डाव्या हातानं, उजव्या हातानं.
चिठ्ठी गेल्या ऑक्टोबरची.

कात्रीच्या टोकानं माझा टाका काढला.
भोक तेवढंच, तांदळाच्या कणीएवढं.
दिव्यासमोर धरलं तर उजेड आरपार येतो.

उद्या सकाळी फाटकापाशी जायचं आहे.
त्याला सांगताना 'आहे' म्हणायचं की 'होता',
ऑक्टोबरपर्यंतचं क्रियापद
मला कुठल्याच भाषेत येत नाही.